तब्येत, वजन आणि उतार : लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेच्या फलानुमानाचा इतिहास

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत ‘तब्येत’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ‘तब्येत कशी आहे?’ हा प्रश्न आजाऱ्याला विचारला जातो. पण फिरंगाई किंवा खंडोबा तालमीच्या आसपास ‘पोराने तब्येत केली’ असे कोणी म्हटले, तर त्याचा अर्थ पोराने अंग कमावले, छाती-मांड्या भरल्या, असा होतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ स्वभाव किंवा घडण असा आहे. फारसीच्या वाटेने मराठीत आल्यावर त्याला आरोग्याचा अर्थ चिकटला, आणि कुस्तीच्या परिसरात त्या आरोग्यालाच वजन प्राप्त झाले. शाहू छत्रपतींनी मल्लविद्येला दिलेला आश्रय आणि १९१२ साली पूर्ण झालेले खासबागेचे मैदान यांमुळे या नगरीत भरदार देह हा भूषणाचा विषय राहिला. याउलट वजन घटल्याचे दर्शविणारे मराठी शब्द बहुधा चिंतेचे आहेत : वाळला, खंगला, रोडावला, उतरला. ‘वजनदार’ हे विशेषण तर माणसाच्या देहावरून त्याच्या प्रतिष्ठेवर केव्हाच सरकले.

ज्या भाषेत देह भरणे हे प्रकृती सुधारल्याचे चिन्ह मानले जाते, त्या भाषेच्या प्रदेशात वजन घटविण्यासाठी रोग नसलेल्या जठराला कात्री लावण्याची शस्त्रक्रिया गेल्या दोन-अडीच दशकांत रुजली. तिच्याविषयी रुग्ण व त्याचे आप्त जो प्रश्न प्रथम विचारतात तो वरवर साधा आहे : ‘गुण किती येईल?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पाहू गेल्यास एक विलक्षण विसंगती आढळते. शस्त्रक्रियेसाठी रुग्ण निवडताना ज्या अंकाचा आधार घेतला गेला, तो अंक शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या गुणाचे अनुमान करण्यास फारसा उपयोगी नव्हता. आणि जी लक्षणे अनुमानास उपयोगी ठरली, त्यांना निवडीच्या नियमांत फार उशिरा व अपुरे स्थान मिळाले.

रोग्याचे फलित आधी सांगणे हा प्राचीन भारतीय वैद्यकाचा आवडता विषय होता. उपचारास हात घालण्यापूर्वी व्याधी साध्य, याप्य की असाध्य हे ठरविणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य समजले जाई. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात अतिस्थूल व अतिकृश हे दोन्ही देह निंद्य मानून, त्या दोहोंत स्थूलाची अवस्था अधिक वाईट ठरविली आहे. प्रमेहाचे वीस प्रकार सांगताना कफज दहा साध्य, पित्तज सहा याप्य व वातज चार असाध्य अशी प्रतवारी केली आहे. त्याहून महत्त्वाचा भेद पुढे आहे. प्रमेही दोन प्रकारचे : एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्यास शोधन द्यावे, दुसऱ्याचे बृंहण करावे. सुश्रुतानेही जन्मजात दोषाने होणारा प्रमेह व अपथ्याने होणारा प्रमेह असा भेद करून पहिल्यात रोगी कृश व दुसऱ्यात स्थूल असतो, असे निरीक्षण नोंदविले.

हे वाचून ‘आमच्याकडे सर्व काही आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरला पाहिजे. या ग्रंथकारांनी जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया कल्पिली नव्हती, आणि प्रमेह म्हणजे आजचा मधुमेह असे सरळ समीकरण मांडता येत नाही. तथापि त्यांनी देहाचा आकार व रोगाची जात या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या, आणि फलिताचे अनुमान दोहोंच्या संयोगावर बसविले, हे मान्य करावे लागते. ‘याप्य’ ही संज्ञा तर विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. जो रोग समूळ जात नाही, पण उपचार चालू असेतोवर दबून राहतो, तो याप्य. कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा सावरतो, तसा उपचार अशा रोग्याला सावरतो, हा सुश्रुताचा दृष्टांत आहे. या टेकूकडे पुढे परत यावे लागेल.

आधुनिक अनुमानाची परंपरा मात्र वैद्यांनी सुरू केली नाही. बेल्जियमचा ज्योतिर्गणिती आदॉल्फ केतले याने १८३० च्या दशकात ‘सरासरी मनुष्या’चा शोध घेताना असे मांडले की, प्रौढांमध्ये वजन हे साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्याला लठ्ठपणाशी कर्तव्य नव्हते. त्याला समाजाची मोजणी करावयाची होती. १९७२ मध्ये अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसल कीज व त्याचे सहकारी यांनी या गुणोत्तराला नवे नाव दिले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा हा देहभार-निर्देशांक आज बीएमआय या अक्षरांनी घरोघर ठाऊक आहे. समूहांची तुलना करण्यास सोयीचे असलेले हे माप पुढे एकेका व्यक्तीचे भवितव्य ठरविण्यासाठी वापरले गेले.

शस्त्रक्रियेचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. १९५४ मध्ये मिनेसोटा येथे क्रेमेन व लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न पुढे नेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. वजन उतरले, पण पुढील काळात यकृताचे विकार, मूतखडे व कुपोषण यांमुळे ती पद्धत सोडून द्यावी लागली. जठरव्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन घटते, या निरीक्षणावरून आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन याने १९६६ साली जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया आरंभिली. आजच्या पद्धतींची ती जननी होय. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या परिषदेने रुग्णनिवडीचा नियम घालून दिला : निर्देशांक ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक व सोबत गंभीर विकार. शस्त्रक्रिया वजनासाठी होती, म्हणून प्रवेशाचे द्वारही वजनाचे. तत्कालीन ज्ञानाच्या दृष्टीने यात अयोग्य काही नव्हते.

चारच वर्षांनी या तर्काला तडा गेला. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीनव्हिल येथील शल्यविशारद वॉल्टर पोरीज याने १९९५ मध्ये चौदा वर्षांत शस्त्रक्रिया केलेल्या ६०८ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी प्रौढवयातील मधुमेह असलेल्या १४६ जणांत १२१ जणांची रक्तशर्करा सामान्य पातळीवर आली व टिकली. ‘असे होईल, हे कोणाच्या मनात तरी आले असते काय?’ अशा आशयाचे आश्चर्य त्याने निबंधाच्या शीर्षकातच नोंदविले. आश्चर्याचे कारण केवळ संख्या नव्हती. वजन लक्षणीय घटण्यापूर्वीच, कित्येकदा थोड्याच दिवसांत, साखर उतरत होती. म्हणजे गुण वजनाच्या मार्गाने येत नव्हता, निदान केवळ त्या मार्गाने तरी नाही. ज्यांना गुण आला नाही ते तुलनेने वयस्क किंवा दीर्घकाळचे मधुमेही होते. भावी अनुमानशास्त्राचे बीज या एका निरीक्षणात आहे.

पुढे २००४ मध्ये फ्रान्चेस्को रुबिनो याने स्थूल नसलेल्या मधुमेही उंदरांवर आतड्याच्या आरंभीच्या भागाला वळसा देऊन त्यांची शर्करा सुधारल्याचे दाखविले. अन्नमार्गाची रचना बदलताच आतड्यातून स्रवणारी संप्रेरके बदलतात व स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास चालना मिळते, हे हळूहळू स्पष्ट झाले. चालना मिळाली तरी स्रवणाऱ्या पेशी शिल्लक हव्यात; वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने त्या झिजलेल्या असल्या तर नवी रचना काय करणार? २००७ मध्ये या क्षेत्रातील अमेरिकन शल्यसंघटनेने आपल्या नावात ‘चयापचय’ हा शब्द जोडला. ग्रीक भाषेतील ‘भार’ या शब्दावरून बनलेले जुने नाव अपुरे पडल्याची ती जाहीर कबुली होती. मराठीत मात्र ‘वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया’ हाच प्रयोग रूढ राहिला, आणि ऐकणाऱ्याच्या अपेक्षा त्या नावाने बांधल्या गेल्या.

वजनाच्या अंकाला खरे आव्हान स्वीडनमधून मिळाले. तेथे १९८७ पासून शस्त्रक्रिया केलेल्या २०१० स्थूल व्यक्ती व नेहमीचे उपचार घेणाऱ्या २०३७ व्यक्ती यांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. २००७ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे सिद्ध झाले. पण लाभ कोणाला अधिक झाला, याची छाननी केली असता शस्त्रक्रियेपूर्वीचा देहभार-निर्देशांक त्याचे उत्तर देईना. हृदयविकार टळणे असो वा नवा मधुमेह न होणे असो, अधिक निर्देशांक असणाऱ्यास अधिक लाभ, असा संबंध दिसला नाही. उपाशीपोटी रक्तातील इन्सुलिनची पातळी मात्र हृदयविकाराच्या बाबतीत लाभाचा संकेत देत होती. ज्या अंकाने दार उघडत होते, त्या अंकाला आत काय घडेल हे सांगता येत नव्हते.

याच अभ्यासाने दुसरा धडा दिला. मधुमेहींपैकी ७२.३ टक्के लोक दोन वर्षांनी रोगमुक्तीसदृश अवस्थेत होते. पंधरा वर्षांनी हे प्रमाण ३०.४ टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया न झालेल्यांत ते अनुक्रमे १६.४ व ६.५ टक्के होते. तेव्हा लाभ खरा, पण तो झिजणारा. ज्यांचा मधुमेह अल्पकाळाचा होता, त्यांच्यात तो अधिक टिकला. दोन वर्षांच्या आकड्यावर जाहिरात करणे आणि पंधरा वर्षांच्या आकड्यावर सल्ला देणे यांतील अंतर येथे मोजता येते.

यानंतर गुणांकनाच्या पद्धती निघाल्या. २०१३ मध्ये तैवानच्या वेइ-जेइ ली याने वय, देहभार-निर्देशांक, सी-पेप्टाइड व मधुमेहाचा कालावधी या चार घटकांवर शून्य ते दहा गुणांची पद्धत सुचविली. तीत अधिक गुण म्हणजे अधिक आशा. सी-पेप्टाइडची मोजणी शरीर स्वतः किती इन्सुलिन निर्माण करते हे सांगते. जवळजवळ त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियातील गाइसिंगर संस्थेच्या संशोधकांनी ६९० रुग्णांच्या नोंदींवरून ‘डायारेम’ नावाची शून्य ते बावीस गुणांची पद्धत रचली. तीत अधिक गुण म्हणजे कमी आशा. वयाला जास्तीत जास्त तीन गुण, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेला सहा, विशिष्ट औषधांना तीन, आणि इन्सुलिन घेत असल्यास एकदम दहा. शून्य ते दोन गुण मिळालेल्यांत ८८ ते ९९ टक्क्यांना उतार पडला. अठरा ते बावीस गुण असलेल्यांत केवळ २ ते १६ टक्क्यांना. या पद्धतीत देहभार-निर्देशांक नाही. तो विसरला गेला नव्हता. अनुमानात त्याचे स्वतंत्र मोल फारसे दिसले नाही, म्हणून वगळला गेला. मधल्या गुणांच्या रुग्णांविषयी डायारेम गोंधळते, हे ध्यानी घेऊन २०१७ मध्ये फ्रेंच संशोधकांनी तीत रोगाचा कालावधी व औषधांची संख्या यांची भर घातली. तैवानच्या पद्धतीत मात्र निर्देशांकाला स्थान राहिले. अधिक वजनाला तेथे अधिक आशा जोडलेली आहे. स्थूल प्रमेही बलवान, कृश प्रमेही दुर्बल, हा चरकाचा भेद येथे आठवल्यावाचून राहत नाही. दोन्ही पद्धतींतील मतभेद मिटलेला नाही, आणि त्याचे एक कारण कोणत्या देशीच्या देहांवरून अंक काढले यात आहे.

हा मुद्दा सर्वांत ठसठशीतपणे पुढे आला तो पुण्यात. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात अर्भकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकाचे सुमारे ३.५ किलो. पण पुण्याच्या अर्भकात स्नायू व अवयव जितके कमी भरले, तितकी त्वचेखालील चरबी कमी नव्हती. कृश दिसणारा आणि तरीही मेदस्वी, असा हा देह जन्मापासूनच सिद्ध होत होता. २००४ मध्ये ‘लान्सेट’ या नियतकालिकात याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश स्नेही जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. लांबलचक सारण्यांनी जे काम केले नसते ते या एका चित्राने केले. मराठीत या प्रकारच्या देहाला नाव नाही. ‘हातपाय काडी आणि पोट सुटलेले’ असे वर्णन घरोघर ऐकू येते, पण त्यात थट्टा असते, रोगाचा इशारा नसतो.

शल्यविशारदांनाही ही गोष्ट दिसत होती. २०१० मध्ये पुण्याचे डॉ. शशांक शहा व सहकारी यांनी अमेरिकेतील डेव्हिड कमिंग्ज यांच्यासह १५ भारतीय मधुमेहींचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या सर्वांचा निर्देशांक ३५ च्या खाली, काहींचा तर २२ च्या जवळपास होता. जठरवळशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची शर्करा झपाट्याने सुधारली. पंधरा ही संख्या अल्प आहे, आणि तिच्यावर सिद्धांत उभारणे धाडसाचे ठरेल. परंतु १९९१ च्या नियमाने ज्यांना दारातच अडविले असते अशा रुग्णांनाही लाभ होऊ शकतो, एवढे दाखविण्यास ती पुरेशी होती.

भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्या लोकांसाठी वेगळ्या मर्यादा सुचविल्या होत्या : विकार सोबत असल्यास ३२.५, नसल्यास ३७.५. २०१६ मध्ये मधुमेह व शस्त्रक्रिया या विषयावरील आंतरराष्ट्रीय निवेदनाने आशियाई लोकांकरिता मर्यादा आणखी उतरविली, आणि २०२२ मध्ये दोन प्रमुख शल्यसंघटनांनी संयुक्तपणे २७.५ हा अंक मान्य केला. बारकाईने पाहता हा सारा बदल अंक खाली आणण्याचा आहे; अंकाची जात बदलण्याचा नव्हे. द्वार अजूनही वजनाचेच आहे, उंबरठा तेवढा खाली बसविला.

आता भाषेचा प्रश्न. १९९५ च्या आनंदात ‘मधुमेह बरा झाला’ असे शब्द सहज उच्चारले गेले. २००९ मध्ये अमेरिकन मधुमेह संघटनेने बोलाविलेल्या तज्ज्ञांनी ‘बरा होणे’ या शब्दाऐवजी रोग ओसरण्याचा शब्द स्वीकारून त्याच्या पायऱ्या ठरविल्या. २०२१ मध्ये व्याख्या सोपी करण्यात आली. औषधे थांबविल्यानंतर निदान तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली असणे, एवढाच तिचा अर्थ. मराठी वैद्यकीय परिभाषेत यासाठी ‘रोगमुक्ती’, ‘क्षमन’ असे शब्द सुचविले जातात. पहिला फार अधिक सांगतो, दुसरा कोणाला समजत नाही. वस्तुतः लोकभाषेत योग्य शब्द तयार आहे. ‘दुखण्याला उतार पडला’ असे म्हणणारी शिवाजी पेठेतील वृद्धा रोग गेला असे म्हणत नाही. जेथे उतार आहे तेथे चढही असू शकतो, हे ‘चढउतार’ या जोडशब्दाने तिला शिकविलेले असते. स्वीडनमधील ७२ वरून ३० वर आलेले प्रमाण या शब्दात अनायासे मावते. सुश्रुताचा ‘याप्य’ही येथेच बसतो, एका फरकाने : येथे टेकू देहाच्या आतच उभा केलेला असतो, आणि त्याच्या देखभालीसाठी जीवनसत्त्वे, लोह व तपासण्या आयुष्यभर सांभाळाव्या लागतात. ‘ऑपरेशन झाले, आता पथ्य संपले’ ही समजूत ‘बरा झाला’ या शब्दातून जन्मते. ‘उतार’ या शब्दातून जन्मत नाही.

शब्दांइतकाच पैशाचाही प्रश्न आहे. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातील अपवादांचे प्रमाणीकरण केले, तेव्हा लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च देण्यासाठी पुढील अट घातली : निर्देशांक ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक व सोबत हृदयविकार, तीव्र निद्राश्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा विकार. हे अंक १९९१ च्या अमेरिकन परिषदेचे आहेत. भारतीय तज्ज्ञांची २००९ ची शिफारस तेव्हा दहा वर्षांची झाली होती.

या अटीचा अर्थ उदाहरणानेच कळतो. १६८ सेंटीमीटर उंचीच्या माणसाला ३५ हा निर्देशांक गाठण्यास सुमारे ९९ किलो वजन हवे, ४० साठी ११३ किलो. कल्पनेने तीन माणसे समोर आणावीत. पहिला तालमीत घुमणारा मल्ल, उंची १७५ सेंटीमीटर, वजन ११० किलो. त्याचा निर्देशांक ३५.९ भरतो. त्याला कोणताही रोग नाही, आणि शस्त्रक्रियेचा विचारही कोणी करणार नाही. पण अंकाच्या दृष्टीने तो गंभीर लठ्ठ आहे. दुसरा ६१ वर्षांचा गृहस्थ, उंची १६८, वजन ११३ किलो, पंधरा वर्षांचा मधुमेह, इन्सुलिन चालू, एचबीए१सी नऊच्या वर. विम्याच्या अटीत तो बसतो. डायारेमने त्याला निदान १९ गुण मिळतात, म्हणजे मधुमेहाला उतार पडण्याची आशा फार तर १६ टक्के. वजन उतरून गुडघ्यांना व श्वासाला आराम मिळेल आणि आयुष्यही वाढू शकेल, तेव्हा त्याला नाकारावे असे नव्हे. पण त्याने व त्याच्या मुलांनी मधुमेह जाईल या आशेवर संमतिपत्रावर सही करू नये. तिसरा ३८ वर्षांचा कारकून, उंची तीच, वजन ८० किलो, पोट सुटलेले, हातपाय बारीक. मधुमेह तीन वर्षांचा, एका साध्या गोळीवर, एचबीए१सी आठच्या घरात. त्याचा निर्देशांक २८.३. डायारेमचे त्याचे गुण चार. त्या गटात ६४ ते ८८ टक्के लोकांना उतार पडला. ही पद्धत अतिस्थूल, बहुतांश श्वेतवर्णीय रुग्णांवरून तयार झाली असल्याने तिचे आकडे या कारकुनाला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, आणि गोळीवर साखर आटोक्यात येत असेल तर त्याने शस्त्रक्रिया करून घ्यावी असेही नाही. पण उद्या ती आटोक्यात न राहिली, तर २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे तो शस्त्रक्रियेस पात्र ठरेल. आणि विम्याच्या कागदावर त्याला आणखी एकोणीस किलो वजन वाढवून यावे लागेल.